त्याच्याही आधीचं

सरांच्या घरात पाऊल टाकायचं म्हंजे आधी उंबऱ्यावर थांबून सांगावं लागायचं, की इथं यायच्या आधी आपण काय केलं होतं. राम राम चालत नव्हता, नमस्कार चालत नव्हता. आन् सांगायचं तेबी स्पॅनिशमधी.

मला ते काय ठावं? आम्ही बेगमपुऱ्यात त्यांच्या खालच्या खोलीत भाड्यानं ऱ्हायला आलो त्या दिवशी माझ्या कडेवर लेकरू, ह्यांच्या डोक्यावर पत्र्याची पेटी, रिक्षावाला मागं उभा, आन् हा म्हातारा दारात आडवा. डोक्यावर गवताची हॅट, गोऱ्या बाया घालतात तसली, रिबिनीसकट. ऐन उन्हाळ्यात गळ्यात मफलर. मला म्हणतो, "सेन्योरा, इथं यायच्या आधी काय केलं होतं?"

मला वाटलं, आमच्याबद्दल कुणीतरी काहीतरी सांगितलंय. म्हटलं, "काय नाय केलं जी. लेकराची आण."

त्यांना लई वाईट वाटल्यासारखं झालं. म्हणाले, "असं कसं? कायतरी केलंच असंल की. भाकरी तरी खाल्ली होती का?"

"व्हय."

"मग तसं म्हणा. यो आबीआ कोमीदो. मी जेवले होते."

मी म्हटलं. ह्यांनीबी पेटी डोक्यावर तशीच धरून म्हटलं. रिक्षावाल्याला पाणी प्यायचं होतं म्हणून तो आत येऊ बघत होता, त्यालाबी म्हणावं लागलं. तवा कुठं आत घेतलं. आत गेल्यावर हे माझ्या कानात म्हणाले, दुसरं घर बघू. पण तान्हं लेकरू बघून दुसरं घर कुणी देत नव्हतं, आन् सरांना लेकरू दिसलंच नव्हतं. त्यांच्या हिशोबानं ते अजून काय केलेलंच नसलेलं माणूस होतं.

सर जन्मभर वेरूळच्या लेण्यांत गाईड होते. त्याच्या आधी ते लेण्याच्या तोंडाशी पत्र्याचा आरसा धरून उभे ऱ्हायचे, उन्हाची तिरीप आत मूर्तीवर पाडायला. आरसा धरणाऱ्याला हलता येत नाय, बोलता येत नाय, मग कान तेवढे मोकळे, तशी ती भाषा कानात साठत गेली, असं सांगायचे. स्पेनला कवा गेले नव्हते. गल्ली म्हणायची, म्हातारा मनमाडच्या पुढं गेला नाय. पण भिंतीवरचं घड्याळ स्पेनच्या टायमाला लावलेलं. आमची सकाळची भांडी घासून, धुणं वाळत घालून झालं, की सर अंगणात येऊन आळोखेपिळोखे देत म्हणायचे, उजाडलं. दूधवाल्याला म्हणायचे, बाबा मध्यरात्री दार वाजवत जाऊ नको. वय इचारलं तर सांगायचे, निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या आधी मी झालो होतो. म्हंजे देश माझ्याकडं आला, मी देशाकडं गेलो नाय. असं म्हणून वर हॅट सारखी करायचे, जसं काय देशानं आताच सलाम ठोकलाय.

वर्ग अंगणात भरायचा. टूरिस्ट गाड्यांवरचे ड्रायव्हर, गाईडच्या बिल्ल्याच्या मागं लागलेली पोरं. पण सरांचा कायदा असा, की ज्याला ऐकू जातं तो वर्गात. माझं दार अंगणातच उघडायचं, म्हंजे मी वर्गात. गल्लीतून जाणारा भाजीवाला वर्गात. त्यानं मेथीचा भाव सांगायच्या आधी सांगायचं, की इथं यायच्या आधी तो कुठं कुठं फिरला होता. बिचारा पुढं पुढं आमच्या गल्लीत गाडा ढकलायचा, पण आरोळी देत नव्हता. आम्हालाच वास घेऊन बाहेर यावं लागायचं.

आन् सर एकच काळ शिकवायचे. झालेल्याच्या आधी झालेलं. पोरं म्हणायची, सर, आधी 'मी आहे, तू आहेस' तरी शिकवा. सर म्हणायचे, "ते तुम्ही आहातच, त्यात शिकायचं काय? आपलं पोट 'होतं'वर चालतंय. पाव्हणा येतो तवा सगळं होऊन गेलेलं असतं. राजा आला, राजा मेला, हे त्याच्या पुस्तकात आहे. राजा आला त्याच्या आधी काय झालं होतं, ते आपण सांगायचं. त्याच्याही आधीचं सांगायचं. तिथं तपासायला कोण जातंय?"

शिकवायचे मात्र असं, की मला दहावीत इंग्रजी जेवढं कळलं नाय, आन् नाय कळलं म्हणूनच मी नापास झाले, तेवढं हे कळायचं. म्हणायचे, दोन शब्दांचं लग्न आहे. पयला शब्द आबीआ, तो माणूस बघून बदलतो. मी असले तर आबीआ, तू असलास तर आबीआस, आम्ही असलो तर आबीआमोस, ते असले तर आबीआन. दुसरा शब्द कामाचा. त्याचं शेपूट तोडायचं, 'आर' तुटलं तर 'आदो' चिकटवायचं, 'एर' नायतर 'ईर' तुटलं तर 'ईदो'. लावार म्हंजे धुणं, त्याचं लावादो. कोमेर म्हंजे जेवणं, त्याचं कोमीदो. हा दुसरा शब्द कुणासाठीच बदलत नाय, बाई असो बुवा असो. मी तिथंच चुकायचे. भाकरी खाल्ली म्हणून मी कोमीदा म्हणायचे. सर म्हणायचे, "कोमीदा म्हंजे जेवण. तुम्ही जेवण झाला होता व्हय, सेन्योरा?" पोरं हसायची.

आबीआच्या तोंडाशी एक 'ह' लिहितात, तो बोलायचा नाय. सर म्हणायचे, ती नवी सून. घरात आहे, पण आवाज नाय. काही शब्द कायद्यात बसत नाय, करण्याचं एचो, बघण्याचं विस्तो, ठेवण्याचं पुएस्तो. त्यांना ते जावई म्हणायचे. जावयाला कायदा सांगायचा नाय, येईल तसा पाटावर बसवायचा. आन् सगळ्यात मोठा कायदा असा, की ह्या दोन शब्दांच्या मधी कुणी बसायचं नाय. 'आधीच' म्हणायचं असंल तर 'या' हा शब्द पुढं बसंल, मधी नाय. "नवराबायकोच्या मधी सासू बसली की वाक्य मोडतं," म्हणायचे.

सगळ्या पुस्तकांत ह्या काळाचं एकच उदाहरण आहे म्हणं, मी पोचलो तवा गाडी सुटली होती. सर ते वर्गात काढू देत नव्हते. गाईड पोचायच्या आधी गाडी सुटतीच कशी? रडकं वाक्य आहे, म्हणायचे, रडायचं असंल त्यानं बस स्टँडवर जाऊन रडावं.

सरांच्या त्या सासूवरच्या बोलण्यावर सगळी हसायची आन् मला धडकी भरायची. ह्यांचं शेंद्र्याच्या कंपनीतलं कंत्राटी काम सुटलं होतं. मिळंल ते करत होते. पाचोडहून आत्याबाईंचा, म्हंजे माझ्या सासूचा, दर बाजारला कुणाच्या तरी हाती निरोप यायचा, की तुम्ही दोघं शहरात कुठंबी राबा, पोरगी माझ्याकडं आणून टाका, शेरडांमागं वाढंल. पोरगी अजून अंगावर पीत होती. आत्याबाई वाईट नव्हत्या, त्यांची सगळी लेकरं तशीच वाढली होती, चांगली धडधाकट. पण मला वाटायचं, एकदा गेली की तिला मी पाव्हणी होणार. मला कामधंदा नाय, ह्यांना धड नाय, नाय कशाच्या जोरावर म्हणू? शेवटी निरोप आला, की ह्या बाजारच्या दुसऱ्या दिवशी मी सोता येते न्यायला, तिची झबली धुऊन ठेव. मी ती झबली धुतली, वाळली, परत धुतली.

वर्गात मी सगळ्यांकडं पाठ करून बसायचे. लेकराला पाजायचं असायचं म्हणून. आन् दुसरं म्हंजे, समोर कुणाचं तोंड दिसलं की माझी जीभ आत वळायची. भिंतीकडं तोंड असलं की फडाफड बोलायचे. सरांनी कवा फिरून बसा म्हटलं नाय. म्हणायचे, मीबी पाव्हण्यांकडं पाठ करूनच शिकलो होतो, हातात आरसा होता तवर.

एकदा ते आम्हा सगळ्यांना दौलताबादला घेऊन गेले, एका ड्रायव्हरच्या गाडीत कोंबून. पाव्हण्यांशी कसं बोलायचं ते दाखवायला. किल्ल्याखाली एक गोरं जोडपं उभं होतं. सर हॅट काढून पुढं झाले आन् त्यांच्याशी लई वेळ बोलले, सारखं आबीआन, आबीआन. त्या दोघांनी माना हलवल्या आन् गेले ते सरळ सीताफळवाल्याच्या पाटीपाशी. उभ्याउभ्या सीताफळं खाल्ली, बिया कागदात नीट बांधून घेतल्या, मग किल्ला चढायला लागले. सरांनी आम्हाला सांगितलं, की किल्ला चढायच्या आधी राणीनं इथं सीताफळ खाल्लं होतं, तवापासून खाल्ल्याबिगर चढत नाय, अशी रीत आहे.

एका पोरानं इचारलं, "सर, कोणची राणी?"

"ह्या राजाच्या आधीच्या राजाची."

सीताफळवाला सरांचा चुलतभाऊ निघाला. येताना गाडीत सरांच्या मांडीवर सीताफळांची पिशवी होती. मी म्हटलं, सर, हे झूठ नाय का? ते खरंच इचारात पडले. म्हणाले, "झूठ कसं? झालं नव्हतं असं कुणी बघितलंय का?"

आता कामाचं. दौलताबादच्या रस्त्याला हिमरू शालींचं एक दुकान होतं. पुढं विक्री, मागं जमिनीतला माग, त्याच्या खड्ड्यात पाय सोडून एक म्हातारे चाचा विणत बसलेले. त्यांच्या घरात किती पिढ्या विणत आल्या ते त्यांनाच माहीत, बोलायचे नाय. दुकानाचा सेठ नवा होता, आधी प्लॉटिंगच्या धंद्यात होता. वेरूळच्या बसा थांबायच्या, त्यात स्पेनचे पाव्हणे असायचे, त्यांना शाल कशी होती ते त्यांच्या बोलीत सांगणारी बाई सेठला पाहिजे होती. सरांकडं निरोप आला. पोरांना गाईड व्हायचं होतं, दुकानात कोण उभं ऱ्हातंय. सर माझ्या दाराशी आले. म्हणाले, "सेन्योरा, तुमचं काम लागलं होतं."

म्हटलं, "कवा?"

"मी हो म्हणून आलो तवा."

मी म्हटलं मला येत नाय. मला एकच काळ येतो. सर म्हणाले, शाल कपाटात असती तवा सगळं होऊनच गेलेलं असतं, दुसरा काळ लागतोय कशाला? मग आम्ही दोघांनी बसून ते जुळवलं, म्हंजे ते बोलले आन् मी भिंतीकडं बघून म्हटलं. शालीपासून मागं मागं जायचं. कपाटात ठेवली होती, त्याच्या आधी धुतली होती, त्याच्या आधी चाचांनी विणली होती, त्याच्या आधी सूत रंगवलं होतं. सूत संपलं की थांबायचं.

सेठनं पाव्हण्यांपुढंच परीक्षा घ्यायची ठरवली, आन् ती नेमकी पाचोडच्या बाजारच्या दिवशी आली. म्हंजे दुसऱ्या दिवशी आत्याबाई यायच्या होत्या. काम लागलं तर मला तोंड होतं, नाय लागलं तर झबली धुतलेलीच होती. सेठनं बजावलं होतं, लेकरू दुकानात नको. हे लेकराला घेऊन बाहेर लिंबाखाली थांबले. सर हॅट, मफलर घालून आतल्या खुर्चीवर बसले, जसं काय तेबी त्याच बसमधून उतरलेत.

बस आली. गोरी, लाल झालेली माणसं मागाभोवती उभी ऱ्हायली. सेठनं मला मधी उभं केलं, म्हणाला, इधर देखके, हसते हुए. मी बघितलं. एवढी तोंडं. हसले असंल बहुतेक. तोंड उघडलं आन् काहीच आलं नाय. आबीआसुद्धा नाय. एक बाई माझ्याकडं बघून मान हलवत होती, लहान पोराला हलवतात तशी. सेठ एकदा माझ्याकडं, एकदा घड्याळाकडं बघायला लागला.

तेवढ्यात बाहेर पोरगी रडायला लागली. भुकेचं रडणं मला कळतं. हे थोपटत ऱ्हायले, मग राहवंना तसे आत आले, सगळ्या माणसांतून वाट काढत, आन् लेकरू माझ्या हातात दिलं. आता काय करू? मी खड्ड्याच्या कडेला चाचांच्या बाजूला बसले, सगळ्यांकडं पाठ केली, पदर घेतला आन् तिला पाजायला लागले. समोर माग होता, सूत होतं, कुणाचंच तोंड नव्हतं. आन् माझी जीभ सुटली. आमच्या अंगणात सुटायची तशी. शाल कपाटात ठेवली होती, आबीआमोस पुएस्तो. त्याच्या आधी आम्ही ती धुतली होती, आबीआमोस लावादो. मागं मागं जात गेले. पाठीमागं एवढी शांतता झाली की मला पोरीचे घोट ऐकू येत होते.

मग सेठचा आवाज आला. "मास्तर, ये क्या तमाशा है? मेहमान को पीठ? बच्चा लेके? उठाओ इसको."

मी उठायला लागले. सर माझ्या आधी उठले. त्यांनी हॅट काढून हातात घेतली, आन् एवढ्या शांतपणानं बोलले की मला दौलताबादची सीताफळांची पाटी डोळ्यांपुढं आली.

"सेठ, तुम्हाला कुणी सांगितलं नाय वाटतं. रीत आहे ती. हिमरू जनान्यात जायची तवा सांगणारी बाई मागाकडं तोंड करून सांगायची. मांडीवर लेकरू पाहिजेच. लेकरू नसलं तर शेजारणीचं आणायचे. पाठ दिसली की समजायचं, माल अस्सल."

"कब की बात है ये?"

"निजामाच्या आधीची."

आन् सेठ काही म्हणायच्या आत ते पाव्हण्यांकडं वळले आन् सगळं स्पॅनिशमधी सांगितलं. आबीआन, आबीआन. मागं कुणाचा तरी कॅमेरा वाजला. मग दुसरा.

पण सेठ प्लॉटिंगमधी मुरलेला माणूस होता, कागद बघितल्याबिगर इसार देणारा नव्हता. तो खड्ड्याच्या कडेला आला आन् चाचांना म्हणाला, "क्यों चाचा? ऐसा था?"

सूत ओढणारा धोटा थांबला. मी चाचांच्या एवढी जवळ होते की त्यांचा श्वास कळत होता. त्यांनी असलं काही बापजन्मी ऐकलं नव्हतं हे मला ठावं होतं, सरांनाबी ठावं होतं. सर हॅटीची रिबीन बोटाला गुंडाळत होते, तेवढंच एकदा मी त्यांना घाबरलेलं बघितलंय. चाचांनी सरांकडं बघितलं. मग माझ्या पदराखालनं बाहेर आलेले पोरीचे तळपाय बघितले. लई वेळ बघितले.

"हमारे से पैले का होयंगा, सेठ," चाचा म्हणाले. "हमारे से पैले भोत कुछ हो चुका था."

आन् धोटा मारला.

ती मान हलवणारी बाई हळूच माझ्या बाजूला येऊन टेकली, पदराकडं बोट दाखवून काहीतरी इचारलं. मी सुताकडं बघूनच म्हटलं, ला नीन्या या से आबीआ दोर्मीदो. पोरगी आधीच झोपली होती. 'या' पुढं बसलं, मधी कुणी नाय. सरांनी मागून काहीच दुरुस्त केलं नाय. त्या दिवशी शाली खपल्या, आन् सेठ म्हणाला, कल से आना, बच्चा लेके.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई पाचोडहून निघाल्या त्या घरी न जाता सरळ दुकानात आल्या, कुणाकडून तरी पत्ता काढून. मी बसचे पाव्हणे घेऊन बसले होते, मागाकडं तोंड, मांडीवर पोरगी. त्या दाराशी उभ्या ऱ्हायलेल्या मला दिसल्याच नाय. बोलणं संपलं, माणसं शालींकडं गेली, तवा त्या पुढं येऊन खड्ड्याशी बसल्या. त्यांनी पदराच्या टोकानं तोंड पुसलं आन् लिंबाखालून मागं मागं आलेल्या ह्यांना म्हणाल्या, "एवढे बाप्ये उभे, गोरे, आन् ही पोरगी मान वर करून एकाकडंबी बघत नाय. लई वळणाची आहे रे."

मग पोरीला घेतलं, खेळवलं, परत माझ्या मांडीवर ठेवलं. "राहू दे तुझ्याजवळच. आईचं वळण बघत वाढू दे." न्यायचीच झाली तर म्हणून झबल्यांची पिशवी मी दुकानात बरोबर आणली होती, ती त्यांनी बघितली आन् उचलून माझ्या बाजूला सरकवली. पाचोडमधी त्यांनी काय सांगितलं देव जाणे, पुढच्या खेपेला चार बाया सून बघायला आल्या. सगळ्यांनी माझी पाठ बघितली आन् समाधानानं गेल्या.

घरी येऊन सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, तुमच्या सासूबाई पाचोडहून निघायच्या आधीच मानल्या होत्या, फक्त त्यांना ठावं नव्हतं. त्यांना कशाचंच नवल वाटायचं नाय. नवल ही गोष्ट ते फक्त पाव्हण्यांसाठी ठेवायचे.

सेठनं दारावर रंगवून पाटी लावली, निजामपूर्व काळापासूनची परंपरा. धंदा वाढला तशी करमाडची एक पोरगी ठेवली. ती चांगली बारावी झालेली, हसरी, माणसांशी तोंडावर बोलायची तिला भारी हौस, तर तिला मागाकडं तोंड करून बसवतात आन् वर तिचं लग्न झालेलं नाय म्हणून मांडीवर माझी पोरगी देतात. ती मला रोज म्हणती, ताई, कुण्या येड्यानं ही रीत काढली असंल. रस्त्याच्या पलीकडच्या दुकानातबी आता पाठ करून बसतात. त्यांचं म्हणणं, त्यांची आमच्या आधीची आहे.

सरांना त्यांच्या लेकानं नाशिकला नेलं. गुडघे गेले होते, एकट्याचं भागत नव्हतं. लेक गाडी घेऊन सकाळचा आला, म्हंजे सरांच्या मध्यरात्री, आन् मी दुकानावर. सांजच्याला आले तर अंगणाला कुलूप, आत घड्याळाची टिकटिक. ते पुस्तकातलं, गाडी सुटल्याचं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. म्हटलं नाय. उंबऱ्यावर थांबले, इथं यायच्या आधी काय केलं होतं ते बंद दाराला नीट सांगितलं, शालीपासून सुतापर्यंत सगळं, आन् मग आमच्या खोलीत गेले.

परवा एका बसमधली तरणी पोरगी, हातात वही घेऊन आलेली, काहीतरी शिकत असंल तिकडं, ती लई चौकश्या करत होती. ही रीत कुणी सुरू केली, नक्की कवा, कुठं लिहिलेलं आहे का. माझी पोरगी आता मांडीत मावत नाय, तरी पाव्हणे आले की येऊन बसती, तिला ती तिचीच जागा वाटती. मी मागाकडं बघत म्हटलं, कुआंदो येगामोस, या आबीआ एम्पेथादो. आम्ही आलो तवा हे सुरू झालेलंच होतं.

मागं वहीवर लिहिल्याचा आवाज आला. चाचांनी माझ्याकडं बघितलं नाय. नुसता धोटा मारला.